सात वाजून दोन मिनिटं

मोलिएहीने पगारपत्रकाच्या दोनशे बाराव्या ओळीवर बोट टेकवलं आणि स्क्रीन समोर उभ्या असलेल्या बाईकडे वळवली.

"हे बघा, म्मे. पंधरवड्याचे तुमचे शहाऐंशी तास तीस मिनिटं. उद्या तेवढ्याचेच पैसे येणार."

म्मे मानुकूने स्क्रीनकडे बघितलं नाही. अंगावरच्या ब्लँकेटच्या आतून तिने एक शाळकरी वही काढली, मधलं पान उघडलं आणि टेबलावर ठेवली.

"माझे नव्वद तास दहा मिनिटं होतात."

मापुत्सोए गावच्या त्या कारखान्यात मानुकू एकवीस वर्षं जीन्सला कमरपट्टे शिवत होती. तिथे वडीलधाऱ्या बाईला म्मे आणि पुरुषाला न्तते म्हणत. बोटांची टोकं निळीने कायमची डागळलेली. तासांची यादी दर पंधरवड्याला फलकावर लागायची, बायका आपलं नाव शोधायच्या, चुकचुकायच्या आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसायच्या. वही घेऊन जिना चढून वर आलेली ही पहिलीच.

"बेरीज चुकली असेल," मोलिएही म्हणाली.

"कुणाची?"

मोलिएहीने स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवली. तिने झाकून ठेवलेले दोन रकाने उघडले. गेटवरच्या यंत्राने नोंदवलेल्या खऱ्या वेळा तिथे होत्या. वहीतली पहिली ओळ: सात वाजून दोन, पाच वाजून तेरा. यंत्राचीही तीच. दुसरी ओळही जुळली, तिसरीही. दहाच्या दहा दिवस तिने बोट सरकवत ताडून बघितले.

मग शेजारच्या रकान्यातलं सूत्र बघितलं. बाई सात वाजून दोन मिनिटांनी आली तर सूत्र सव्वासातपासून मोजत होतं. पाच वाजून तेरा मिनिटांनी गेली तर पाचलाच थांबत होतं. त्या एका दिवसाची सव्वीस मिनिटं, बाकीच्या दिवशी थोडी कमी. म्मे मानुकूची पंधरवड्याची तीन तास चाळीस मिनिटं.

"सापडली?" बाईने विचारलं.

"सापडली. तुमचीच बेरीज बरोबर आहे."

"ते मला ठाऊकच होतं गं. तुझी कुठे चुकली ते बघायला आले होते." वही मिटून ती खाली गेली.

मोलिएही बराच वेळ त्या सूत्राकडे बघत बसली. नऊ महिन्यांपूर्वी ते तिनेच लिहिलं होतं. न्तते सेआबाता, कारखान्याचे व्यवस्थापक, मागे उभे राहून म्हणाले होते, मिनिटांचा पसारा नको, पाव पाव तासात बसव; येताना पुढे ढकल, जाताना मागे. तिने लिहिलं, चौकटीचा कोपरा पकडला आणि दुसऱ्या ओळीपासून सहाशे चौदाव्या ओळीपर्यंत ओढत नेलं. तेव्हा तिला रकाना नीटनेटका दिसला होता. त्या पावतासांत माणसं होती हे तिला तेव्हाही कळत होतं. तिने फक्त तिकडे बघितलं नव्हतं.

आता तिने फाईलची दुसरी प्रत केली आणि तीत ते सूत्र काढून टाकलं. तळाची पगाराची बेरीज सत्तावीस हजार मालोटींनी वाढली. ती प्रत छापून ती सेआबातांच्या खोलीत गेली.

त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढला.

"किती जणी आल्या होत्या तक्रार घेऊन?"

"एकच. म्मे मानुकू."

"मग तिचे एक्कावन्न मालोटी हाताने भर. बाकीचं जसंच्या तसं राहू दे."

"सूत्र सगळ्यांना एकच आहे, न्तते."

"सूत्राचं मला सांगू नकोस. मोठे साहेब माझ्याकडे दर जीन्सचा खर्च मागतात, मिनिटं नाही मागत. ऑसी, पोरी, गेटबाहेर जाऊन बघ. तुझ्या खुर्चीसाठी वीसजणी थंडीत उभ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना कॉम्प्युटर चालवता येतो." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "एकही आकडा बदलायचा नाही. कळलं?"

"कळलं."

ती टेबलाशी परत आली. म्मे मानुकूचे एक्कावन्न मालोटीही तिने भरले नाहीत. एकही आकडा बदलला नाही. फक्त ते झाकलेले दोन रकाने तिने पुन्हा झाकले नाहीत, आणि पगाराच्या सहाशे तेरा चिठ्ठ्या तशाच छापल्या. प्रत्येक चिठ्ठीवर दर दिवसाच्या चार वेळा: आलात केव्हा, धरलं केव्हापासून, गेलात केव्हा, धरलं केव्हापर्यंत.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. नेहमी बायका शेवटचा आकडा बघून चिठ्ठी घडी करून खिशात टाकत. त्या दिवशी पहिल्या दहाजणी जागीच उभ्या राहिल्या. बसलेल्यांच्या मांडीवर मक्याच्या घट्ट पापाचे आणि भाजीचे डबे तसेच राहिले. म्मे मानुकू चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचू लागली.

"आले सात दोन. धरलं सात पंधरा. अगं, ही तेरा मिनिटं मी कुठे होते? नवऱ्याला पुरून तर पंधरा वर्षं झाली!"

हशा पिकला. मग दुसरीने आपली वाचली, मग तिसरीने. हसू हळूहळू विरलं. भोंगा वाजला. कुणी मशीनकडे वळलं नाही.

"हे केलं कुणी?" मागून एकीने ओरडून विचारलं.

मोलिएही खिडकीच्या आत बसली होती. वर बोट दाखवणं सोपं होतं, आणि खोटंही ठरलं नसतं. ती उठली, दार उघडून बाहेर आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली.

"सांगितलं दुसऱ्याने. लिहिलं मी. नऊ महिन्यांपूर्वी."

एक तरुण बाई तिच्या पायाशी थुंकली. मोलिएही हलली नाही. म्मे मानुकू तिच्याकडे बघत राहिली, मग डब्याचं झाकण लावून भिंतीला टेकून बसली.

"नऊ महिन्यांचं बाकी आहे म्हणजे," ती म्हणाली. "बसा गं सगळ्या. वेळ लागेल."

चार वाजेपर्यंत सहाशे मशीन बंद होती. वर फोन वाजत होते. सव्वाचारला सेआबाता जिना उतरून आले. त्यांनी बायकांकडे बघितलं नाही, फक्त मोलिएहीकडे.

"वर चल. काढ ते सूत्र."

"कुठल्या महिन्यापासून, न्तते?"

त्यांनी आता भिंतीकडे बघितलं. तिथे बसलेल्या बायकांतली एकही उठली नाही.

"पहिल्यापासून," ते शेवटी म्हणाले.

तिने एकोणीस पंधरवड्यांच्या फाईली एकामागून एक दुरुस्त केल्या. काम संपलं तेव्हा तिच्या टेबलावर एक पाकीट ठेवलेलं होतं. सोमवारपासून येऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि पोचपावतीवर सही केली. सहीखाली वेळ लिहिली: पाच वाजून अडतीस.

सोमवारी सकाळी लवकर ती कारखान्याची चावी परत द्यायला आली. पहारेकऱ्याच्या हातात चावी देऊन वळली, तर समोरच्या दुसऱ्या कारखान्याच्या निळ्या गेटाकडे निघालेली एक बाई रस्ता ओलांडून तिच्याकडे आली. तोंडातून वाफ निघत होती.

"तुम्हीच का त्या, मिनिटंवाल्या?"

मोलिएहीला हसू आलं. "मीच."

"आमच्याकडेही असंच काहीतरी आहे. पण वर जाऊन दाखवायला माझ्याकडे काही लिहिलेलं नाही."

मोलिएहीने पिशवीतून एक कागद आणि पेन काढून तिला दिलं. बाईने कागद गुडघ्यावर धरला आणि निळ्या गेटाकडे एकदा बघून घेतलं.

"काय लिहू?"

"किती वाजलेत?"

बाईने फोन बघितला. "सातला सात कमी."

"मग सहा त्रेपन्न," मोलिएही म्हणाली. "त्रेपन्नच लिहा."