ऑर्व्हिलची सहावी चूक

ऑर्व्हिल लिंडक्विस्टने निकालाचे कागद रेनाटाच्या टेबलावर आपटले आणि खुर्ची ओढून बसला.

"सगळे पास! आणि शनिवारी त्यातलाच एक बहाद्दर माझ्या डोळ्यांदेखत पेट्रोलच्या टाकीत इंजिनऑइल ओतत होता. काय शिकवतेस त्यांना, पोरी?"

"शिकवता तुम्ही. मी नुसता कोर्स बांधते," रेनाटा म्हणाली खरी, पण घाव वर्मी बसला होता.

विस्कॉन्सिनच्या त्या छोट्या कॉलेजात ऑर्व्हिल तीस वर्षं बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त करायला शिकवत होता. दोन वर्षांपूर्वी रेनाटाने त्याचा वर्ग ऑनलाइन केला. सहा-सहा मिनिटांचे व्हिडिओ, प्रत्येकामागे चार प्रश्न, बरोबर उत्तराला रंगीत तारा. डीनबाईंनी ठरवून दिलेला साचाच तसा होता. विद्यार्थी व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवत आणि तारा मिळेपर्यंत उत्तरं बदलत बसत. खरी फजिती व्हायची ती वर्कशॉपमध्ये, शेवटच्या शनिवारी.

त्याच आठवड्यात नव्या व्हिडिओचं काम सुरू झालं. कॅमेऱ्यापुढे ऑर्व्हिल सांगत होता, "पात्यांचा हा बोल्ट तुटला, की मिळेल तो दणकट बोल्ट ठोकून द्यायचा."

"थांबा!" रेनाटा ओरडली. "परवाच म्हणालात ना, तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो म्हणून? दगड अडकला तर बोल्ट तुटावा, गिअर वाचावा."

ऑर्व्हिल चपापला. मग हसत म्हणाला, "जीभ घसरली. पण दोन वर्षांत तुझं लक्ष असल्याचं आज पहिल्यांदा कळलं. चल, पुन्हा घेऊ."

रेनाटाने कॅमेरा बंद केला. "नको. राहू दे ती चूक."

ऑर्व्हिलच्या भुवया वर गेल्या आणि डोळ्यांत लबाड चमक आली.

दोघांनी मिळून पाच व्हिडिओंत पाच चुका पेरल्या. कुणाच्या हाताबोटाला इजा होईल अशी एकही नाही, आणि शुक्रवारी खरं उत्तर जाहीर करायचंच, ही रेनाटाची अट होती. तारे काढून टाकले. प्रश्न एकच ठेवला: 'ऑर्व्हिल कुठे चुकला, आणि कशावरून?'

पहिल्याच आठवड्यात चर्चेचं पान पेटलं. एरवी 'छान माहिती' एवढंच लिहिणारे लोक व्हिडिओ मागे-पुढे करून एकमेकांशी भांडू लागले. एकाने शेजाऱ्याचं यंत्र उघडून फोटो टाकला. आणि एकाने सरळ डीनना पत्र धाडलं: 'तुमच्या मास्तरला काही येत नाही.'

डीन प्रिसिला व्हिटकॉम्ब यांनी दोघांना समोर उभं केलं.

"कॉलेज पगार देऊन चुका शिकवतंय?"

"शिकवत नाही, पकडायला लावतोय," रेनाटा म्हणाली आणि तिने यादी पुढे ठेवली. "पाच चुका, पाच उत्तरं."

डीनबाईंनी चर्चेचं पान वर-खाली केलं. "पण विद्यार्थ्यांनी तर सहा पकडल्यात."

ऑर्व्हिल पुढे वाकला. सहावी चूक बर्नाडेट थिबोडो नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी लिहिली होती. 'तेल मोजायची पट्टी नुसती टेकवून बघू नये. या इंजिनात ती पूर्ण फिरवून बसवायची, नाहीतर तेल कमी दिसतं आणि माणूस जास्त ओततो. माहितीपुस्तिका, पान अकरा. ही चूक फार खुबीने लपवली होतीत, मास्तर!'

"ही चूक नाहीच!" ऑर्व्हिल लाल झाला. "तीस वर्षं मी असंच शिकवतोय!"

तो तरातरा वर्कशॉपमध्ये गेला, रेनाटा मागोमाग. यंत्र व्हिडिओतलंच होतं, कॉलेजने गेल्या वर्षी घेतलेलं. त्याने पट्टी टेकवून पाहिली, मग फिरवून बसवून पाहिली. दोन्ही वेळा तेल वेगळ्या रेघेवर. पुस्तिकेचं पान अकरा त्याने दोनदा वाचलं.

"माझ्या जुन्या यंत्रात टेकवायचीच पद्धत होती," तो पुटपुटला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "कॅमेरा लाव. ही माझी खरी चूक आहे, आणि माझ्याच तोंडून जाऊ दे."

त्या व्हिडिओला वर्षातले सर्वांत जास्त प्रेक्षक मिळाले. डीनबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी फर्मान काढलं: यापुढे प्रत्येक ऑनलाइन कोर्सात पाच चुका सक्तीच्या. रसायनशास्त्राचे मास्तर धावत आले तेव्हा कुठे ते फर्मान मागे घेतलं.

शेवटच्या शनिवारी वर्कशॉप भरलं. बर्नाडेटबाई स्वतःचे पाने घेऊन आल्या होत्या. ऑर्व्हिलने शब्द उच्चारायचा अवकाश, बारा जण आपापल्या यंत्रात डोकं घालून पडताळून पाहत. तेलाच्या जागी तेल, पेट्रोलच्या जागी पेट्रोल. एकाचाही घोळ नाही.

दुपारी ऑर्व्हिल म्हणाला, "कॉफी झालीय. किटली जपून धरा, गरम आहे."

बर्नाडेटबाईंनी किटलीला बोट लावून पाहिलं आणि चटकन मागे घेतलं.

"बरोबर आहे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

ऑर्व्हिलने रेनाटाकडे पाहिलं. "हे काय करून ठेवलंस, पोरी?" तो कुरकुरला, पण पहिला कप त्याने बर्नाडेटबाईंच्याच हातात दिला.