इटालियन पेटीतले कोळी

गिरणी बंद पडल्यावर लवू तावडे गावाला गेला नाही. गावी होतं काय? चार कलमं आणि तीन भाऊबंद. त्यापेक्षा खादीवाल्यांचं मधमाशीपालनाचं शिबिर बरं, असं म्हणून तो तिकडे गेला. चाळीतले लोक हसले. पण लवूनं उभं आयुष्य साच्यावर काढलेलं, बारीक धाग्यावर नजर ठेवायची सवय. ते काम त्याला मानवलं.

मरोळहून आरेकडे जाताना श्यामसुंदर म्हात्रेची नर्सरी लागते. तिच्या मागच्या अंगाला एक जुनं जांभळाचं झाड होतं. श्यामनं त्याच्या सावलीत लवूला पेट्या ठेवू दिल्या. भाडंबिडं काही नाही, मोसमाला मधाची एक बाटली द्यायची. दोन वर्षं सातेरी या देशी माश्यांच्या चार पेट्या तिथे सुखानं नांदल्या. मग पंजाबातून मागवलेल्या इटालियन माश्यांच्या दोन पेट्या लवूला मिळाल्या. या माश्या अंगानं थोराड, स्वभावानं गरीब आणि मध देतात सातेरीच्या कितीतरी पट. लवूनं त्या पावसाळाभर साखरेच्या पाकावर जपल्या. दुपारी जेवायला घरी गेला तरी त्याचं चित्त त्या पेट्यांपाशी असे.

गणपती गेले आणि एके सकाळी इटालियन पेट्यांसमोरच्या गवतात माश्या सरपटताना दिसल्या. उडायला बघत होत्या, पण पंख अर्धेच. वाळलेल्या पाकळीसारखे चुरगळलेले. दुसऱ्या दिवशी आणखी. तिसऱ्या दिवशी तर मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या.

लवू तडक गुलाबाच्या वाफ्यावर गेला. श्याम तिथे कुंड्या सरकवत होता.

"काय मारलंस रे गुलाबांवर?"

"काय नाय मारलं. पाऊस पडतोय, कोण फवारतंय?"

"मग माझ्या माश्या लुळ्या पडल्यात त्या कशानं? बघ जाऊन."

श्याम आला. पेट्यांसमोर उकिडवा बसून त्यानं नीट बघितलं. मग म्हणाला, "तावडे, सातेरीच्या पेट्या बघ ना. त्याच झाडाखाली, त्याच फुलांवर जातात. त्या ठणठणीत आहेत. माझं औषध काय नाव-गाव विचारून मारतं?"

लवूनं आवाज चढवला. "सगळे असेच बोलतात. ज्याची जागा त्याचा तोरा. गिरणीच्या मालकासारखा बोलतोस तू."

श्यामचा चेहरा उतरला. उठून त्यानं हात झटकले. "दसऱ्यापर्यंत पेट्या हलवा तुमच्या," तो म्हणाला आणि निघून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तुमच्या' आलं होतं.

घरी जेवताना लवूनं सगळं बायकोला, जानकीला, सांगितलं. सांगताना श्यामचा दोष आणखी थोडा मोठा झाला. जानकी भाकरी थापता थापता ऐकत होती.

"त्यानं नसेल मारलं," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"औषधानं माशी मरेल हो, पण पंख आखूड कशानं होतील? पंख काय मोठेपणी फुटतात? आतूनच तशा येतायत त्या."

गिरणीत संप सुरू झाला तेव्हापासून काही बिघडलं की कोणीतरी बिघडवलं असणारच, असं लवूला वाटू लागलं होतं. बरेचदा ते खरंही निघालं होतं. पण आज जानकीचं म्हणणं त्याच्या डोक्यातून जाईना.

सकाळी त्यानं धूर देऊन इटालियन पेटी उघडली आणि मधली चौकट वर काढली. कोषांवरची झाकणं एरवी भाकरीसारखी फुगीर असतात. इथे ती खचली होती, काहींना भोकं पडली होती. त्यानं सुईनं एक झाकण उचकटलं आणि आतलं पांढरं पिल्लू हळूच तळहातावर घेतलं. पिल्लाच्या अंगावरून काहीतरी पळालं. तांबूस, खसखशीच्या दाण्याएवढं. अजून एक पळालं. त्यानं दुसरं घर उघडलं, तिसरं उघडलं. तिथेही तेच.

त्यानं पोळ्याचा तुकडा कापून डब्यात घातला आणि पार्ल्याला खादीच्या कचेरीत गेला. शिबिरात शिकवणाऱ्या मृणालिनी बर्वे तिथेच बसत. बाईंनी भिंगाखाली बघितलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"कोळी आहे, तावडे. पिल्लांचं रक्त शोषतो. आग्या माशीवरून येतो. तुमच्याकडे आग्या मोहोळ असेल ना जवळ?"

"नर्सरीच्या पाण्याच्या टाकीला लटकलंय."

"मग तिथूनच. सातेरी त्याला थारा देत नाही. ही बिचारी परदेशातली, हिला अजून या कोळ्याची ओळख नाही."

"माश्या वाचतील?"

"मोठ्या माशीचं रक्त त्याला पिता येत नाही. पेटीत पिल्लंच नसली की चार दिवसांत उपाशी मरतो. राणीला पिंजऱ्यात कोंडा, म्हणजे नवी अंडी नाहीत. आहेत ती पिल्लं सगळी कापून काढा, जाळून टाका. मग चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर गंधक भुरभुरा, अगदी हलक्या हातानं. जास्त झालं तर माश्याच जातील."

"सगळी पिल्लं?"

"सगळी."

गंधक अंधेरीच्या दुकानात मिळालं असतं. लवू दुकानापर्यंत गेलाही. पण पेट्या तर नर्सरीतच होत्या. श्यामचं तोंड चुकवून तिथे काम होणार कसं? तो तसाच मागे फिरला.

श्याम झारीनं मोगऱ्याच्या रोपांना पाणी घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"श्याम, औषध तुझं नव्हतं," लवू म्हणाला.

"मग कोणाचं?"

"कोणाचंच नाही. कोळी आहे."

झारी थांबली. "लाल? गुलाबावर येतो तसला?"

"त्याच्यातलाच कुठला तरी. जरा लांबट आहे. पिल्लांवर येतो."

"बघू."

लवूनं डबा उघडला. दोघांची डोकी त्याच्यावर वाकली. श्याम बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "आयला, पळतो कसा!"

"मी तुला मालक म्हटलं ना काल..."

"राहू दे ते."

"नाही, ते माझं चुकलं." 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडी बसलेला नव्हता.

श्यामनं झारी खाली ठेवली. "गंधक लागेल तुला. माझ्याकडे आहे, बारीक दळलेलं."

संध्याकाळी माश्या परतल्यावर दोघांनी काम काढलं. श्यामनं तोंडाला पंचा बांधला. लवूनं राणी शोधून पिंजऱ्यात घातली आणि कापायला सुरुवात केली. पावसाळाभर साखर पाजून वाढवलेली ती पिल्लं होती. काहींचे डोळे रंगू लागले होते. तरी लवूनं सुरी थांबवली नाही. श्यामनं खड्डा करून पालापाचोळा पेटवला. मेणाचा आणि जळक्या मांसाचा वास मिसळून आला, तेव्हा दोघंही तोंड फिरवून उभे राहिले.

मग श्यामनं मलमलीच्या फडक्यात गंधकाची पुरचुंडी बांधली आणि चौकटींवर अलगद टिचकी मारत नेली. "गुलाबावर भुरी रोग आला की मारतो तशीच," तो पुटपुटला. "पण इथे हात आखडता."

दुसऱ्या पेटीत माश्या अगदीच थोड्या उरल्या होत्या. एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत, म्हणून तिची राणी मारून त्या माश्या पहिलीत मिसळाव्या लागल्या. ते काम लवूनं श्यामकडे पाठ करून उरकलं. मधे वर्तमानपत्राचा कागद घालून वर दुसरं खोकं ठेवलं. माश्या कागद कुरतडत एकमेकींत येतील, तोवर वासाची ओळख होईल.

त्यानंतरचे दिवस लवूला जड गेले. पिल्लं नसलेली पेटी हलकी आणि उदास वाटत होती. पण राणीला सोडल्यावर तिनं नवी अंडी घातली. पहिली पिल्लं बाहेर आली तेव्हा लवू पेटीसमोर बसून राहिला. आठ-दहा माश्या दाराशी आल्या, पंख चाचपले आणि उडाल्या. अख्खे पंख होते.

दसरा आला आणि गेला. पेट्या हलवायचा विषय कोणी काढला नाही.

"टाकीवरचं मोहोळ जाळून टाकू का?" श्यामनं एकदा विचारलं. "मुळावरच घाव."

"एक जाळशील. आरेत किती आहेत, पवईला किती! आणि ती माशी कुठे मुद्दाम करतेय?" लवू म्हणाला.

चैत्रात जांभूळ फुललं आणि इटालियन पेटीनं पहिला मध दिला. काळपट, किंचित कडसर. जानकीला तो फार आवडला नाही, श्यामला मात्र तोच गोड लागला.

पुढच्या पावसाळ्यात कोळी परत आला. लवू आता दर आठवड्याला सुईनं दोन-चार घरं उघडून बघत असे, म्हणून एकाच पोळ्यात असतानाच तो सापडला. तेवढं पोळं कापून काढलं, राणी कोंडली.

"आला का परत?" वाफ्यातून श्यामनं विचारलं.

"येणारच तो," लवू म्हणाला आणि धुराच्या डब्यात सुकं शेण भरू लागला.