तारखेला हजर

“देवान तुका दिला, पद्मावती. आता देवाचो वाटो देवाक,” गावचे जमीनदार सदाशिव भाटकार देवळाच्या चौकात उभे राहून म्हणाले. “कौल घे. सभामंडपाक कितके देवचे, ता देव सांगतलो.”

रविवारची सकाळ होती आणि एरवी पालखीलाही न फिरकणारी माणसे त्या दिवशी अंघोळ करून वेळेवर आली होती. मी देवस्थान कमिटीचा चिटणीस, तेव्हा पावतीपुस्तक खिशात घालूनच आलो होतो. लाज वाटते, पण सांगतो, रकमेच्या जागी किती शून्ये मावतील तेही मी घरी बघून ठेवले होते.

पद्मावतीला लॉटरी लागली होती. पेडण्याच्या गुरुवारच्या बाजारात ती सुकी मासळी घ्यायची आणि उरल्या पैशात एक तिकीट. वीस वर्षे हेच चालले होते. शेवटी पंचवीस लाखांचे लागले आणि कर जाऊन सतरा हातात आले. त्या आठवड्यात गावाला तिची नव्याने ओळख झाली. ‘गे पद्मा’ म्हणणारे ‘पद्मावतीबाय’ म्हणू लागले. दोन वर्षांत तिची पायरी न चढलेला पुतण्या सर्वेश, मोपाच्या विमानतळावर टॅक्सी लावायची म्हणून, रोज सकाळी चहाला येऊ लागला. ती त्याला चहा द्यायची आणि काजूच्या कारखान्यात बिया फोडायला निघून जायची.

तिला काय हवे ते साऱ्या गावाला ठाऊक होते, फक्त कोणी बोलत नव्हते. ती भाटकारांची मुंडकार, म्हणजे घर तिचे आणि घराखालची माती भाटकारांची. ती माती कायद्याने आपल्या नावावर व्हावी म्हणून तिने नवरा रघुनाथ असताना मामलेदाराकडे अर्ज केला होता. त्याला अकरा वर्षे झाली, मध्ये रघुनाथही गेला. भाटकारांचा वकील तारीख वाढवून घ्यायचा, आणि तारखेला गेले की हिची दिवसाची रोजी बुडायची. तीनातल्या दोन तारखा ती चुकवायची. मोपाला विमाने उतरू लागल्यापासून जमिनीचे भाव आभाळाला टेकले होते, आणि भाटकार तिला शांतपणे दमवत होते.

सगुण गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तो गाऱ्हाणे घालायला तोंड उघडणार, तोच पद्मावती पुढे झाली.

“जरा राव, सगुणदादा. पैसो माझो, गाऱ्हाणा पण माझा. मीच घालतंय.”

बाईने गाऱ्हाणे घातल्याचे आमच्या गावात कोणी पाहिलेले नव्हते. पण सतरा लाखांच्या बाईला नको कोण म्हणणार? भाटकारांनीच मान डोलावली.

काजूच्या डिकाने काळे पडलेले हात तिने जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक वाक्याला असा होकार भरायचा, ही आमची पाळण्यापासूनची सवय.

“तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या घराखालची जागा ह्या भाटकारान माझ्या नावार करून देवची.”

“व्हय म्हाराजा!”

देऊळ घुमले. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो. मग कोणाच्या तरी लक्षात आले, आणि हळूहळू सगळ्यांच्या.

“आता उजवी पाकळी दी,” ती देवाला म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली.

“काढ त्यो पाकळ्यो!” भाटकार गुरवावर खेकसले. “देवाक कचेरीच्यो गजाली सांगतत काय?”

सगुणने घाबरून ओल्या फडक्याने पाकळ्या पुसून घेतल्या. कुठली पडली असती कोणास ठाऊक. पण देवाचे उत्तर ऐकायला कोण भ्याले, ते सगळ्यांनी पाहिले.

“माझ्या पैशांचो कौल चलता, तुमच्या जमिनीचो चलणा नाय?” पद्मावती म्हणाली. “तिकीट घेतलंय तेवा देवाक इचारूक नाय, भाटकारानू. आता खर्च करताना तुमका कित्याक इचारू?”

मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला. दोन्ही मी तिथे बोलून दाखवले नाही, ही माझी चूक.

बाईच्या डोक्यात पैसा गेला, असे गाव म्हणाले. ती आता बंगला बांधणार, असे सर्वेश सांगत फिरला. तिने बंगला बांधला नाही. कारखान्याचे काम चालू ठेवले आणि एकच चैन केली, तारखेच्या दिवशी रजा घेण्याची.

एका सकाळी मी उतारा काढायला मामलेदार कचेरीत गेलो, तर ती दाराशेजारच्या बाकावर बसलेली. शिपाई तिला समजावत होता, “केस दनपारां आसा गे बाय. घराकडे जावन ये.”

“कित्याक? आता रोजी बुडली तरी चूल पेटता. हंयच बसतंय. आज तारीख वाढवल्यानी तर फुडच्या तारखेक परत येतलंय.”

दुपारी भाटकार वकिलाबरोबर जिना चढून आले. ते दिसले की उठून बाजूला व्हायचे, हे तिच्या आईने आणि आजीनेही केले होते. तीही सवयीने अर्धी उठलीच. मग दोन्ही हात मांड्यांवर दाबून ती खाली बसली आणि थोडी सरकून बाकावर जागा केली.

“बसा भाटकारानू,” ती म्हणाली. “येळ लागतलो.”