माशांच्या टाकीचा खडखडाट

नाइट शिफ्ट संपवून झुंबर गेटवर कार्ड पंच करत होता, तेवढ्यात टाइमकीपरने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि हेमंतसाहेबांच्या बंगल्याकडे बोट दाखवलं. झुंबरच्या पायांत गोळे आले होते, डोळे चुरचुरत होते. पण कारखान्याच्या मॅनेजरने बोलावल्यावर जायलाच हवं. नाही म्हणायची सोय असती, तर माणूस नंदुरबार सोडून एवढ्या लांब मसाट गावी धागा पिळायच्या कारखान्यात कशाला आला असता?

काम काय, तर साहेबांच्या माशांच्या टाकीचा फिल्टर वाजतो! झुंबर जुना फिटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग जाणार ते तो सांगायचा. सांगायचा म्हणजे पूर्वी. गेलं वर्षभर त्याचे कान कामातून गेले होते. बारा वर्षं त्या गोंगाटात काढल्यावर दुसरं काय होणार, सांगा! कुणाला पत्ता मात्र लागला नव्हता, कारण शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळा कारभार हातवाऱ्यांचा. दोन बोटं दाखवली की चहा, मनगट फिरवलं की धागा तुटला. मशीनचा दोष तो आता तळहाताने ओळखायचा, कसंबसं निभायचं. भिका फिटरचं असंच उघडकीला आलं, तर त्याला त्याच आठवड्यात पॅकिंगला खोके बांधायला बसवलं. म्हणून बंगल्याच्या पायऱ्या झुंबर रेंगाळतच चढला. घरात मेली शांतता असते.

दार साहेबांच्या बायकोने, पद्मजाबाईंनी उघडलं. त्यांचेही डोळे सुजलेले.

"या झुंबरभाई. तीन दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही हो माझ्या."

झुंबरने ते ओठांवरून वाचलं आणि मान डोलावली.

टाकीखालच्या कपाटात बादलीएवढा काळा डबा होता. साहेबांच्या भावाने सिंगापूरहून आणलेला. एका नळीने टाकीतलं पाणी डब्यात यायचं, स्पंजातून गाळून दुसऱ्या नळीने परत जायचं, आणि डब्याच्या डोक्यावर ते ढकलणारी मोटर. म्हणजे पंपच की! झुंबरने प्लग काढला, नळ्यांचे कॉक बंद केले, डोकं उघडलं. आतल्या पंख्याला शेवाळाचा बुळबुळीत थर बसला होता. पंखा जुन्या ब्रशने घासला, मधली पातळ दांडी तपासली, धड होती. सगळं जागच्या जागी बसवून त्याने मोटर चालू केली. कान लावला. गप्प.

"झालं मॅडम. बंद झाला आवाज."

पद्मजाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, बंद कुठे? चांगला खडखडतोय की!"

झुंबर परत कपाटापुढे वाकला. "हां, हां, हवा राहिली असंल," म्हणत त्याने डबा तिरका करून हलवला आणि चोरून बाईंच्या कपाळाकडे पाहिलं. आठ्या होत्या तशाच. मग त्याने सरळ तळहात मोटरवर ठेवला आणि डोळे मिटले. थरथर यायची, जायची, परत यायची. बेअरिंग असतं तर सारखी आली असती. म्हणजे हवाच. पण आत शिरते कुठून?

तो उठून टाकीसमोर गेला, आणि डोक्याला हात लावला. माशांसाठी बुडबुडे सोडणारा दगड कुणीतरी टाकी धुताना नेमका पाणी ओढणाऱ्या नळीखाली ठेवला होता. निम्मे बुडबुडे सरळ नळीत! दगड त्याने पार दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला. डबा थोडा वेळ हवा ओकत राहिला, मग हाताखालची थरथर थांबली. बाईंनी भिंतीला डोकं टेकलं, कपाळ सैल झालं. तेव्हा कुठे झुंबरला कळलं की आवाज गेला.

तो हत्यारं गोळा करत होता, तेवढ्यात बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी मागून तीनदा विचारलं, चहा घेणार का. कधीपासून आहे हे?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "वर्ष झालं. मॅडम, साहेबांना नका सांगू."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

एवढ्यात हेमंतसाहेब नाश्त्याला आले. टाकीजवळ क्षणभर थांबले आणि खूश होऊन झुंबरच्या पाठीवर थाप मारली.

"वा! कानाला तोड नाही गड्या तुझ्या. सोमवारपासून सायली गावातल्या आपल्या नव्या शेडमध्ये जा. तू कान लावून पास केल्याशिवाय तिथलं एक मशीन चालू होणार नाही."

"अहो, थकलेत ते. दुसऱ्या कुणाला पाठवा ना," पद्मजाबाई घाईने म्हणाल्या.

"थकायला काय झालंय त्याला?"

झुंबरने नुसतं 'जातो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सायलीची मशीनं दुप्पट वेगाची, आणि धागा जोडायला बायका त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहणार. खराब बेअरिंग फुटलं तर लोखंड थेट तोंडावर. कुणाचा डोळा गेला तर कुठल्या तोंडाने जगायचं? आणि या लपवालपवीचा त्याला मनापासून वीट आला होता.

"साहेब, मला ऐकू येत नही," तो म्हणाला. "ह्या फिल्टरचाबी आवाज नही आला. मॅडमच्या तोंडाकडं पाहून काम केलं."

साहेबांचा चेहरा उतरला. ते टाकीकडे वळले, चिमूटभर खाणं पाण्यात टाकलं आणि काहीतरी बोलले. झुंबरला नुसती त्यांची पाठ दिसली.

"काय म्हटलात साहेब?"

साहेब पुन्हा बोलले असावेत, कारण पद्मजाबाईंनी मान खाली घातली.

"साहेब, जरा इकडं पाहून बोला. मोठ्यानं."

हेमंतसाहेब वळले. त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या मोठ्याने ते घरात कधी बोलले नसतील. बाहेर झाडांना पाणी घालणारा माळीसुद्धा खिडकीतून डोकावला.

"पॅकिंगला! सोमवारपासून पॅकिंगला जा!"

हे मात्र झुंबरला नीट ऐकू आलं.