खोट

"हा नको, काका. दुसरा हात पुढे करा," फोटोग्राफर म्हणाला.

वनरक्षकाने उजवा हात खिशात घातला आणि डाव्या तळहातावर नाणं घेतलं. संरक्षित प्राण्यांची सोन्याची नाणी निघाली होती. पहिल्याच नाण्यावर त्याच्या जंगलातली बिबट्याची मादी होती, म्हणून त्याला मंचावर बोलावलं होतं. तिला सगळे कानतुटी म्हणत. तारेच्या फासातून तिला सोडवताना तिचा अर्धा कान तारेत राहिला होता, आणि त्याची अंगठ्याशेजारची दोन बोटं तिच्या जबड्यात.

हे वस्तीत कुणालाच पटलं नाही. मेहुणा तर तोंडावर विचारायचा, "भाऊजी, खरं सांगा, बाटली फुटली ना हातात?" खात्यानेही 'स्वतःचा निष्काळजीपणा' म्हणून हात झटकले होते. नाण्यासाठी कानतुटीचाच फोटो निवडल्याचं कळलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "आता ती साक्ष देईल बघ. तीही सोन्यात."

त्याने नाणं डोळ्यांजवळ नेलं. मिशा, ठिपके, मानेवरची वळी, सगळं हुबेहूब. आणि दोन्ही कान धड.

"साहेब, हिचा कान..."

"तो पुरा केला मी," टांकसाळीचे शिल्पकार खुशीत म्हणाले. "सोन्यात खोट कशी चालेल, काका?"

टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मग एका कारकुनाने रुमालात धरून नाणं उचललं. "हे परत डबीत जातं. तुम्हाला हे घ्या." माहितीपत्रक होतं. त्यावर नाण्याचं बशीएवढं चित्र.

घरी मेहुणा वाटच बघत होता. चित्र उजेडात धरून तो हसला. "कान तर शाबूत आहेत की! आता कुणाची साक्ष काढणार, भाऊजी?"

वनरक्षकाचा उजवा हात अजून खिशातच होता.

बायकोने भावाच्या हातून कागद ओढून घेतला. "चहा झाला ना तुझा? ऊठ मग."

"अगं ताई, गंमत केली..."

"ऊठ म्हटलं ना."

तो गेल्यावर तिने शिवणाच्या डब्यातली कात्री काढली. "अहो, कुठला कान?"

"डावा."

तिने जपून कात्री चालवली आणि चित्र कपाटाच्या दारावर चिकटवलं. कापलेला कपटा खाली पडला होता. तो उचलायला नवरा वाकला. सवयीने उजवा हात पुढे आला, आणि कपटा त्याच्या चिमटीत काही येईना.