सव्वादोन किलोचा राग

मित्रांनो, माझ्यावरून नाहूरच्या एका सोसायटीत दोन पन्नाशीच्या बाप्यांनी पैज लावली, आणि हरेल त्याने बायकोची मॅक्सी घालून भर रविवारी सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या धुवायच्या असं ठरलं. मी कोण? मी एक जुनी, निळी, पोचे आलेली बाटली आहे. दुधाची नाही, सरबताची नाही. माझ्या पोटात नायट्रस नावाचा गॅस भरतात आणि मला रेसच्या गाडीच्या डिकीत पट्ट्यांनी आवळतात. ड्रायव्हरने बटण दाबलं की मी तो गॅस इंजिनात फेकते. इंजिन पिसाळतं. गाडीच्या ढुंगणावर लाथ बसते. ती लाथ माझी. मला मारायला आवडतं, हे आधीच सांगते. उगाच गरीब गाय असल्याचं नाटक नको.

माझा जन्मही मारामारीतलाच. परदेशातल्या एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या गोळ्याला प्रेसखाली घालून चेचलं, ताणलं, गळा आवळला आणि माझ्या अंगावर छाप मारला, पाच पौंडी. म्हणजे सव्वादोन किलो गॅस. गळ्यात एक पातळ चकती बसवली. पोटातला दाब हाताबाहेर गेला तर मी फुटू नये, चकतीने फुटावं, यासाठी ती.

माझा पहिला मालक खारदांड्याचा. त्याला वाटायचं, बटण म्हणजे डोअरबेल, दाबत राहायचं. तिसऱ्या महिन्यात मी त्याच्या इंजिनाच्या पिस्टनला भोक पाडलं आणि तुटलेला लोखंडी दांडा इंजिनाची भिंत फोडून रस्त्यावर पडला. खोटं कशाला बोलू, मजा आली. त्याने मला कुर्ल्याच्या भंगारात फेकलं. दोन वर्षं मी कमोड आणि पंख्यांच्या ढिगाखाली पडून होते.

तिथून मला उचललं श्वेताने. श्वेता तावडे, सव्वीस वर्षांची, बापाच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलणारी. तिने मला घासलं, दाब देऊन तपासून घेतलं. फक्त ती गळ्यातली चकती जुनीच राहिली. नवी मागवली होती, ती वेळेत आलीच नाही. श्वेता मला हातात धरून म्हणाली, थंड डोक्याने राहिलीस तर निभेल. मला म्हणाली हं ती. मला. एवढ्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

तिला एकच गोष्ट हवी होती. मुलुंडला एका बंद कारखान्याच्या आवारात रीतसर परवानगीने दोनशे मीटरची रेस होती, दिवसभरात चार फेऱ्या. पहिली आली तर एका रेसिंग टीममध्ये मेकॅनिकची जागा मिळणार होती. टीमवाला स्वतः बघायला येणार होता. त्यासाठी दोन वर्षं ती आपल्या रेसच्या गाडीखाली झोपली होती म्हणा ना.

आता प्रश्न आला बाटलीचा. बाप गुणाजी याने कुठून तरी दहा पौंडी आणली, माझ्या दुप्पट. तो म्हणाला, मोठी ती मोठी, तिचा धक्काच वेगळा. वरच्या मजल्यावरचे नंदकुमार कर्णिक, विमा कंपनीतले, पेन काढून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशोब करू लागले. एका फेरीला अर्धा किलो, चार फेऱ्यांना दोन किलो, धाकटीत, म्हणजे माझ्यात, सव्वादोन. मग गाडीत फुकटचं ओझं कशाला? गुणाजी म्हणाला, नंद्या, तुझो गॅस कागदावर जळता. तिथे पैज लागली. गुणाजीचं म्हणणं, धाकटी चार फेऱ्या काढणार नाही. कर्णिकांचं म्हणणं, काढणार.

खरं सांगू? दोघंही अर्धेच शहाणे. बाटली मोठी म्हणून लाथ मोठी बसत नाही. लाथ किती, ते नळीच्या तोंडाच्या भोकावर ठरतं. पण बाटली लहान असली की गॅस घटताना ती पटकन गार पडते, दाब उतरतो आणि तिसऱ्या फेरीला लाथेचा धपाटा होतो. कर्णिकांनी गॅस मोजला, राग मोजला नाही. श्वेताला दोन्ही ठाऊक होतं. गाडी हलकी हवी म्हणून तिने मलाच निवडलं. मधल्या वेळात उन्हात ठेवून मला सावकाश गरम करायचं, असं तिचं ठरलं होतं.

पहिल्या फेरीला मी जी काही हाणली, काय सांगू. श्वेताचं डोकं सीटवर आपटलं, टायर किंचाळले, शेजारची गाडी आरशात टिंबाएवढी झाली. दुसऱ्या फेरीलाही आम्हीच. टीमवाला खुर्ची सोडून उभा राहिला. पण माझ्या दाबाचा काटा उतरला होता. श्वेताने मला बाहेर काढलं, उन्हात ठेवलं आणि पैजेचा निकाल बघायला आलेल्या कर्णिकांना सांगितलं, "काका, फक्त ऊन. दुसरं काही करू नका." आणि ती इंजिनाकडे गेली.

दहा मिनिटांत काटा केसभर हलला. कर्णिक घामाघूम. त्यांना आठवली त्यांची बायको कुंदा. घरचा सिलेंडर संपत आला की ती तो गरम पाण्याच्या टबात ठेवते आणि आणखी दोन वेळचा स्वयंपाक उरकते. तसं करणं घरातही धोक्याचं, पण अजून काही झालं नव्हतं, म्हणून चालू होतं. कर्णिकांनी चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं, प्लास्टिकच्या टबात ओतलं आणि मला त्यात बसवलं.

हे गुणाजीने पाहिलं. टेम्पोच्या आडून, हातात कटिंग घेऊन. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याने चहाचा घोट घेतला आणि मिशीत हसला.

माझ्या पोटात दंगल सुरू झाली. गॅस भिंतींना डोकं आपटायला लागला. मला आधी झकासच वाटलं, म्हटलं आता इंजिनाचे दात पाडू. मग गळ्यातली चकती कुरकुरली. तेवढ्यात श्वेता आली. टब दिसला आणि ती धावली, मला बाहेर ओढायला उजवा हात घातला.

चकती फुटली.

तोफेसारखा आवाज झाला. दाबातून सुटताना बर्फाहून गार झालेल्या गॅसचा झोत सरळ तिच्या बोटांवर गेला. मी टबातून उडाले, चहाची किटली चेपली, टेम्पोचा दिवा फोडला, कर्णिकांच्या नडगीवर आदळले आणि पत्र्याच्या कुंपणात घुसले. आयुष्यभर मारलं, पण हा एक मार मला कधीच मारायचा नव्हता. धुकं विरलं तेव्हा श्वेता खाली बसली होती. तीन बोटं मेणासारखी पांढरी. तिने फक्त टीमवाल्याकडे बघितलं. तो दुसऱ्या गाडीकडे गेला.

बोटं वाचली, पण पाना धरायला दीड महिना लागेल असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, ज्याच्या पोटात दाब आहे त्याला घाईने तापवू नका. मग ती बाटली असो, घरचा सिलेंडर असो. आणि कुणी तापवत असेल तर चहा पीत बघत राहू नका. मला जपलं असतं तर मी तिला पहिली आणली असती.

पुढच्या रविवारी कर्णिक कुंदाकाकूंची पिवळी मॅक्सी घालून, लंगडत, बादली घेऊन खाली आले. बाल्कन्या भरल्या होत्या. मोबाइल वर झाले. मी श्वेताच्या गाडीच्या डिकीत रिकामी पडले होते आणि डिकी धुण्यासाठी उघडी होती, त्यामुळे सगळं दिसत होतं.

तेवढ्यात जिन्यातून गुणाजी उतरला. त्याच्याही अंगात मॅक्सी, बायको रुक्मिणीची, चॉकलेटी फुलांची. लोक हसून लोळले. कर्णिक म्हणाले, "अरे, तू जिंकलास ना रे?"

गुणाजी लेकीच्या बाल्कनीखाली जाऊन उभा राहिला. "श्वेता," तो म्हणाला, "ह्यो नंद्या पाणी ओती होतो तेव्हा मी बघलंय. गप रवलंय. माका वाटलां, गॅस फुस्स जातलो आणि मी पैज जिंकतलंय."

मोबाइल खाली आले. वरून रुक्मिणी फक्त एवढंच म्हणाली, "तू बापूस मां?"

श्वेता आत गेली. सगळ्यांना वाटलं, आता येत नाही. ती खाली आली, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. तिने डिकी लावली आणि गाडीत बसली.

"गाड्या नंतर धुवा," ती म्हणाली. "आधी ही गॅरेजपर्यंत ढकला. दोघांनी. इंजिन चालू करणार नाही मी."

गेट उघडलं. दोन मॅक्स्या मागून लागल्या. रस्त्यावर रिक्षावाले थांबले, भाजीवाली उठून उभी राहिली, निम्मी बिल्डिंग मागे चालू लागली. पुलाच्या चढाशी गाडी एकाएकी दगडासारखी जड झाली. बाहेर गुणाजीचा श्वास भात्यासारखा वाजत होता आणि कर्णिक देवाचं नाव घेत होते. दोघांनाही वाटलं, चढ आहे.

मला डिकीत बरोबर कळलं. श्वेताने ब्रेकवर पाय ठेवला होता.