कालचं फूल

गुलाबी रंग कौसरच्या वाट्याला आला आणि पद्मजाबाईंच्या ओट्यावर एकच हशा पिकला.

बाई निवृत्त झाल्या, तरी मोताळ्यातली पोरं काही त्यांना सोडत नव्हती. बाईंचा पुण्यातला भाचा सौमित्र वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर मराठीत आणत होता. त्यात रंगांचे साज होते. एक बटण दाबलं की सगळी वेबसाइट तो साज ल्यायची. साजांना मराठी नावं द्यायचं काम बाईंनी पोरांवर सोपवलं. सौमित्रला पटलेलं नाव जगभर दिसणार होतं! उद्धवचं 'काळी माती' पास झालं, नीरजाचं 'हळद'ही. उरली कौसर. तिच्या साजाचं इंग्रजी नाव होतं लाजल्यावर गालांवर चढणाऱ्या रंगाचं.

"बोंडअळी ठेव!" उद्धव ओरडला. "गुलाबी बोंडअळी!"

नीरजा हसून हसून लोळायला लागली.

"तुह्या मातीत घाल बे ते अळी!" कौसर फणकारली. गेल्या साली बीटी कपाशीच्या बोंडांतही अळी निघाली, तेव्हा तिच्या अब्बांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली होती. आता रंगही अळीलाच द्यायचा? मुळीच नाही!

बाईंनी पोरीला विचार करू दिला.

"कालचं फूल!" कौसर एकदम उभीच राहिली.

"कालचं म्हणजे सुकलेलं ना गं?" बाईंनी लावलेल्या व्हिडिओ कॉलवरून सौमित्र म्हणाला. "नको, लोक हसतील."

"सुकलेलं काऊन, दादा? पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. लाजते ते!"

"काहीतरीच! लाजतं म्हणे."

"बाई, फोन द्या!"

आणि निघाली की वरात! पुढे फोन उंच धरलेली कौसर, मागे उद्धव, नीरजा, आणि पदर खोचून खुद्द बाई. रस्ता ओलांडला की अब्बांचं वावर. यंदाची पऱ्हाटी कमरेला लागत होती. कौसरने एकाच झाडावरची दोन फुलं फोनसमोर धरली.

"हे आजचं. हे कालचं. पाह्यलं?"

सौमित्र खो खो हसत सुटला. "खरंच लाजलंय की! टाकलं, कौसर, टाकलं!"

पोरं उधळली ती थेट ओट्यावर. कौसरने बाईंच्या लॅपटॉपवर बटण दाबलं आणि सगळा पडदा गुलाबी झाला. वर ठळक अक्षरांत: कालचं फूल.

"सरक न, मले दाबू दे!" उद्धव.

"थांब बे! माह्यं अजून पाहणं नाही झालं!"